फारसी दास्तानांमधले तेच ते प्रसंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फारसी वीरकथा वाचायला घेतल्या की पहिल्या शंभर पानांतच लोकांचे प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक वेळा ते सारखेच असतात. तेच एकत्र करून ठेवलेत. सुरुवातीला सोपे, पुढे पुढे जरा अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. दास्तान म्हणजे नक्की कुठल्या गोष्टी? शाहनामा त्यात धरायचा का?

शाहनामा हे काव्य, फिरदौसीनं १०१० मध्ये पूर्ण केलेलं. आपण इथे बोलतोय ते गद्य दास्तानांबद्दल, म्हणजे राजपुत्र, पहिलवान, अय्यार (वेष बदलून डाव साधणारे चलाख लोक, प्रश्न ६), पऱ्या, दीव म्हणजे राक्षस आणि महिनोन् महिने चालणाऱ्या लढाया असलेल्या लांबलचक कथा. महत्त्वाची नावं सांगायची तर समक-ए-अय्यार, अबू ताहिर तरसूसीचा दाराबनामा, बीघमीचा फिरोजशाहनामा, अबू मुस्लिमनामा, हमजानामा, इराणच्या सफवी बादशहांच्या काळातल्या वातावरणाचा हुसेन कुर्द शबिस्तरी आणि एकोणिसाव्या शतकातला अमीर अर्सलान. पण शाहनाम्याला पूर्ण बाहेर ठेवता येत नाही. फिरदौसीच्या आधी ९५७ मध्ये तूसच्या अबू मन्सूरसाठी शाहनामा गद्यात लिहिला गेला होता (आज त्याची फक्त प्रस्तावना उरलीय) आणि फिरदौसीनंतर शेकडो वर्षं कथेकरी रुस्तमच्या गोष्टी परत गद्यातच सांगत राहिले, मधे मधे बैत, म्हणजे दोन चरणांचं पद्य, म्हणत. त्यामुळे शाहनाम्यातला महावीर रुस्तम आणि त्याचा मुलगा सोहराब खाली वारंवार येणार.

२. या गोष्टी सांगायचं कोण आणि लिहिल्या कोणी?

सांगणारा नक्काल, त्याला आदरानं मुर्शिद म्हणतात. चहाखान्यात (तिकडे नाव कहवाखाना, पण पितात चहा) मधे मोकळ्या जागेत उभा राहून, हातात काठी घेऊन, तीच काठी कधी भाला कधी घोड्याचा लगाम करत तो सांगतो. त्याच्याकडे तुमार असतो, म्हणजे कथेची वही, पण त्यात सगळं लिहिलेलं नसतं, सांगाडा असतो आणि मांस त्यानं रोज चढवायचं.

लिहिलेल्या प्रती यातूनच आल्या. समक-ए-अय्यार फरामर्ज बिन खुदादाद नावाच्या माणसानं लिहून काढली, शिराजच्या सदका नावाच्या कथेकऱ्याकडून ऐकून, आणि मजकुरात हिजरी ५८५ म्हणजे ११८९ च्या आसपासचं साल येतं. तिची एकमेव जुनी हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डला आहे, परवीज नातिल खानलरी यांनी ती संपादित केली. अमीर अर्सलानची गोष्ट तर फारच सुंदर आहे: नकीबुल्ममालिक हा इराणचा शाह नासिरुद्दीन काजार याचा कथेकरी, शाहला झोप लागावी म्हणून रात्री गोष्ट सांगायचा, आणि शाहची मुलगी फख्रुद्दौला दाराआड बसून ते लिहून घ्यायची. तिच्यामुळे ते पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं. मला नेहमी वाटतं की तिचं नाव नकीबुल्ममालिकच्या बरोबरीनं घेतलं पाहिजे.

३. सगळ्या दास्तानांत तेच तेच प्रसंग का? लेखकांना नवीन काही सुचत नव्हतं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

नक्कालाला रोज तास-दीड तास बोलायचंय, महिनोन् महिने, पाठ केलेल्या मजकुराशिवाय. समोर काही लोक रोजचे, काही आजच आलेले. अशा वेळी त्याच्याकडे तयार प्रसंग हवेतच: वीर मैदानात कसा उतरतो, बाग कशी दिसते, अय्यार तंबूत कसा शिरतो, सकाळ कशी होते. प्रसंग ठरलेला असतो, आणि त्याला किती ताणायचं, कुठे तोडायचं, आज कुणाचा रडण्याचा मूड आहे आणि कुणाचा हसण्याचा, हे सगळं त्याच्या हातात.

हे काही आजच्या अभ्यासकांनी मागाहून लावलेलं तर्कट नाही. कजवीनहून हिंदुस्थानात आलेल्या अब्दुन्नबी फख्रुज्जमानी या कथेकऱ्यानं सतराव्या शतकात तिराजुल् अखबार नावाचं पुस्तक खास कथेकऱ्यांसाठी लिहिलं, आणि त्यात कथेतल्या मजकुराचे चार भाग केले: रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, हुस्न-ओ-इश्क म्हणजे रूप आणि प्रेम, आणि चौथी अय्यारी. प्रत्येकासाठी नमुन्याचे उतारे जमवून ठेवलेत, वेळ पडेल तसा उचलायचा आणि आपल्या कथेत बसवायचा. म्हणजे धंद्यातल्या माणसानंच धंद्याची हत्यारं मांडून दाखवलीत. हुसेन कुर्दच्या छापील कथेचा उलरिश मार्झोल्फ यांनी अभ्यास केला तेव्हाही हेच दिसलं, की वाक्यांची वाक्यं ठरलेल्या साच्यात परत परत येतात.

ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघा. आपल्याकडे कहाणी 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू झाली की मांडी घालून बसायचं हे कळतं ना, तसंच तिकडे 'वार्ता सांगणारे, जुन्या गोष्टी पोचवणारे आणि साखर फोडणारे गोडबोले पोपट असं सांगतात की...' अशी सुरुवात ऐकली की चहाखाना गप्प होतो. पुढे काय होणार हे माहीत असूनच लोक आलेले असतात, ते कसं होतं यासाठी. म्हणून तेच तेच म्हणून पानं उलटू नका, दोन दास्तानांतला तोच प्रसंग शेजारी ठेवून वाचा, खरी मजा तिथे आहे.

४. हीरो हीरोइनला न बघताच प्रेमात कसा पडतो?

याचे तीन-चार ठरलेले रस्ते आहेत. चित्र बघून: अमीर अर्सलान चर्चमध्ये फर्रुखलकाचं चित्र बघतो आणि राज्य वगैरे सगळं सोडून फरंगला, म्हणजे युरोपला निघतो. स्वप्नात: फिरोजशाह यमनची राजकन्या ऐनुल्हयात हिला स्वप्नात बघतो. नुसतं वर्णन ऐकून. आणि शिकारीत: समकमध्ये हलबचा, म्हणजे अलेप्पोचा राजपुत्र खुर्शीदशाह रानगाढवाच्या मागे लागून एकटाच वाळवंटात पोचतो, तिथे तंबू, तंबूत सुंदर मुलगी, आणि जाग येते तेव्हा मुलगी गायब, बोटात मात्र अनोळखी अंगठी. ती मुलगी चीनच्या फगफूर बादशहाची मुलगी माहपरी, आणि मग निघा चीनला.

रानगाढवाचा पाठलाग हा स्वतंत्रच मोटिफ, म्हणजे कथाकथांत परत परत येणारा प्रसंग, आहे. शाहनाम्यात अकवान दीव रानगाढवाचंच रूप घेऊन रुस्तमला चकवतो. मारीच हरीण होऊन येतो ते आठवलं ना? बरोबर, जनावर वीराला आपल्या माणसांपासून तोडून दुसऱ्या जगात नेतं, काम तेच.

असं अचानक प्रेम होण्याचं कथेतलं कारण सरळ आहे. हीरोला घरातून बाहेर काढायचंय आणि इतकं लांब न्यायचंय की तिथे त्याला कोणी ओळखत नाही.

५. आणि मग लग्नाआधी त्या परीक्षा कशासाठी?

माहपरीची दाई जादूगारीण आहे, ती येणाऱ्या प्रत्येक राजपुत्राला तीन गोष्टी करायला लावते: बेफाम घोड्यावर स्वार व्हायचं, एका धिप्पाड गुलामाशी कुस्ती जिंकायची, आणि बोलणाऱ्या सुरूच्या झाडाचं कोडं सोडवायचं. हरला की कैदेत. बळ, धाडस आणि अक्कल तिन्ही तपासली जाते असं वरवर दिसतं, पण गंमत अशी की खुर्शीदशाहला यातून पुढे नेणारा हीरो स्वतः नसतोच, शहरातले अय्यार असतात. तिथून पुढे पुस्तकाचं नावसुद्धा राजपुत्राचं राहत नाही, त्या अय्यारांमधल्या समकचं होतं.

६. अय्यार म्हणजे कोण? चंद्रकांता मालिकेत होते तेच का?

हो, घराणं तेच. देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये हिंदीत चंद्रकांता आणली, ती याच दास्तानांच्या वाटेनं, आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ती बघितलेल्या पिढीला अय्यार आणि तिलिस्म (प्रश्न १३) वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

पण फारसी कथांमधला अय्यार नुसता वेषांतर करणारा हेर नाही. तो शहरातल्या साध्या, मेहनती माणसांमधून आलेला असतो, त्यांची टोळी असते, टोळीचा म्होरक्या असतो (समकचा म्होरक्या शघाल पीलजोर) आणि त्यांचा एक कायदा असतो, जवाँमर्दी (प्रश्न ८). इतिहासातही अय्यार होते. नवव्या शतकात सीस्तानमध्ये याकूब बिन लैस हा तांबट अय्यारांमधूनच वर आला आणि त्यानं सफ्फारी राजवट उभी केली.

अय्यारांची हत्यारं ठरलेली: कमंद म्हणजे दोराचा फास, भिंत चढायला आणि माणूस पकडायलाही, सुरी, भुयार खणायची अवजारं, आणि बेशुद्धीची पूड (प्रश्न ७). अंगानं समक छोटासा, नजरेत न भरणारा आहे, आणि हेच त्याचं बळ. समोरासमोर गदा घेऊन लढणं पहिलवानाचं काम, रात्री शत्रूच्या छावणीत शिरून त्याच्या सेनापतीला गाठोड्यात बांधून आणणं अय्याराचं. हमजाच्या, म्हणजे पैगंबरांच्या काकांच्या, कथांत हाच माणूस अम्र अय्यार होतो, आणि त्याच्या जंबील नावाच्या पिशवीत अख्खं जग मावतं.

७. बेशुद्ध करणं, उचलून आणणं, दाढी उडवणं, हे दर दहा पानांनी येतं. ऐकणारे कंटाळायचे नाहीत?

उलट यासाठीच बसायचे. वेष घेऊन आत जायचं (कधी गाणारी बाई, कधी हकीम, कधी व्यापारी), दारूत पूड मिसळायची, सगळा दरबार आडवा झाला की हव्या त्या माणसाला चादरीत गुंडाळून पाठीवर टाकायचं. हुसेन कुर्दसारख्या कथांत शत्रूची दाढी-मिशी भादरून वर चिठ्ठी ठेवून जातात, की हे मी केलं, जमलं तर पकड. मारता आलं असतं पण मारलं नाही हे त्या चिठ्ठीतून कळतं. ज्या समाजात दाढी म्हणजे इज्जत तिथे सकाळी उठून आरशात बघणाऱ्या सरदाराचं काय होत असेल विचार करा! आणि लगेच शत्रूचा अय्यार तोच डाव उलटा खेळतो, त्यामुळे लढाईचा कंटाळा घालवायला हा ट्रॅक कायम चालू राहतो.

८. अय्यार चोऱ्या करतात, फसवतात, खोटं बोलतात. मग ते आदर्श कसे?

मला विचाराल तर सगळ्या दास्तानांचं मर्म या प्रश्नात आहे, बाकी दीव आणि पऱ्या नंतर.

१०८२ च्या सुमारास कैकाऊस नावाच्या राजानं मुलासाठी लिहिलेल्या काबूसनामा या उपदेशाच्या पुस्तकात शेवटचं प्रकरण जवाँमर्दीवर आहे. त्यात अय्यारांना एक प्रश्न टाकलाय: तू रस्त्यात बसलायस, समोरून एक माणूस पळत गेला, मागून दुसरा तलवार घेऊन आला आणि विचारतोय की तो इकडून गेला का. हो म्हटलंस तर चुगली, नाही म्हटलंस तर खोटं. काय करशील? उत्तर असं, की अय्यार उठतो, दोन पावलं सरकून दुसरीकडे बसतो आणि म्हणतो, मी इथे बसल्यापासून कोणी गेलं नाही. हे वाचून काही जण म्हणतात ही तर पळवाट. पण बघा, पळणाऱ्याचा जीवही वाचला आणि शब्दही खरा राहिला, दोन्ही गोष्टी सांभाळायच्याच ही त्याची धडपड आहे. शत्रूला फसवणं चालतं. दिलेला शब्द मोडणं, आसरा मागायला आलेल्याला धरून देणं आणि कोणी विश्वासानं सांगितलेलं गुपित फोडणं चालत नाही, मान गेली तरी नाही. समकमध्ये माणसं छळ सोसतात पण लपवलेल्या माणसाचा पत्ता सांगत नाहीत, आणि असे प्रसंग लढायांपेक्षा जास्त लक्षात राहतात.

शपथ घेतात तीही ठरलेली: जग घडवणाऱ्या यज्दानची, म्हणजे देवाची, प्रकाशाची, अग्नीची, सूर्याची, आणि मर्दांच्या भाकरी-मिठाची. मिठाची गोष्ट तर आपल्याला वेगळी सांगायलाच नको, खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडेही तितकंच पक्कं आहे. याकूब बिन लैसबद्दल अशी आख्यायिका आहे की खजिना फोडताना अंधारात काहीतरी चमकलं, हिरा असेल म्हणून त्यानं जीभ लावली, तर मिठाचा खडा निघाला. या घरचं मीठ आता तोंडात गेलं म्हणून सगळा माल तिथेच टाकून तो परत फिरला.

९. यातल्या बायका फक्त पळवल्या जातात का?

पळवल्या जातात, नाकारण्यात अर्थ नाही, माहपरीचं अर्धं आयुष्य कैदेत जातं. पण तेवढ्यावर थांबू नका.

दाराबनाम्यात दाराबची नात बूरानदुख्त सिकंदराविरुद्ध सैन्य घेऊन उभी राहते, त्याला पळता भुई थोडी करते, आणि सिकंदर तिला पाण्यात अंघोळ करताना बघतो तो प्रसंग येतो तेव्हा कुठे दोघांचं जुळतं. त्यानंतरही ती त्याच्या बाजूनं लढतेच. विल्यम हॅनवे यांनी बूरानदुख्तच्या मागे जुनी जलदेवता अनाहिता दिसते असं मांडलंय, आणि पाण्याशी असलेलं तिचं नातं बघता ते पटतं. समकमध्ये रोजअफजून आहे, अय्यार बाई, जी समकला भाऊ मानते आणि कामात त्याच्या तोडीस तोड. शाहनाम्यातली गुर्दाफरीद सोहराबशी लढते, शिरस्त्राण निघून केस मोकळे होतात तेव्हा त्याला कळतं की समोर मुलगी आहे, आणि ती तिथून गोड बोलून किल्ल्यात निसटते.

यातूनच तो नकाब घातलेला अनोळखी स्वार येतो. आपली बाजू हरायला आली की टेकडीवरून एक नकाबपोश उतरतो, शत्रूची फळी फोडतो, नाव न सांगता निघून जातो. नकाबाखाली कधी प्रेयसी असते, कधी हरवलेला मुलगा (प्रश्न १०).

१०. रुस्तम आणि सोहराब एकमेकांना नाव का सांगत नाहीत? एका वाक्यात प्रश्न सुटला असता!

दरवेळी वाचताना हाच त्रास होतो, आणि तो व्हावा म्हणूनच कथा तशी रचलीय.

रणात नाव न सांगणं हा वीराचा रिवाज आहे. शाहनाम्यात शत्रूचा पहिलवान अश्कबूस रुस्तमला नाव विचारतो तेव्हा रुस्तम म्हणतो, माझ्या आईनं माझं नाव 'तुझं मरण' ठेवलंय. नाव कळलं की समोरचा सावध होतो किंवा पळतो किंवा जिंकल्यावर मिरवतो. पण सोहराब प्रकरणात नुसता रिवाज नाही, एकेक दार बंद केलं जातं. सोहराब सरळ विचारतो की तू रुस्तम तर नाहीस, रुस्तम नाही म्हणतो. रुस्तमला ओळखू शकणारा सोहराबचा मामा जिंदरज्म आधीच रात्रीच्या अंधारात रुस्तमच्याच हातून मेलाय. कैदी हजीरला सोहराब विचारतो, तो मुद्दाम चुकीचं सांगतो. ओळखीसाठी आई तहमीनानं सोहराबच्या दंडावर बांधलेला मणी चिलखताखाली झाकलेला. घाव बसल्यावर नाव निघतं. आणि नोशदारू नावाचं औषध इराणचा कैकाऊस राजा (काबूसनाम्यातला नव्हे, कथेतला) देत नाही, त्यावरून 'सोहराबच्या मरणानंतर नोशदारू' ही म्हण पडली, आपलं वरातीमागून घोडं तसंच.

चहाखान्यात सोहराबवधाच्या संध्याकाळी, ज्याला सोहराबकुशी म्हणतात, सगळ्यात जास्त गर्दी व्हायची. लोक मुर्शिदला पैसे देऊ करायचे की आज मारू नकोस. सगळ्यांना कथा पाठ, तरी.

गद्य दास्तानांत हाच मोटिफ बहुतेक वेळा गोड होतो: वीर देशोदेशी लग्नं करतो, बाजूबंद देऊन पुढे जातो, मुलगा मोठा होऊन बापाशी लढायला उभा राहतो आणि ऐनवेळी बाजूबंद दिसतो, मिठी. सोहराबची सावली डोक्यावर असते म्हणून तर त्या मिठीला इतकं वजन येतं.

११. नदीत सोडलेलं बाळ म्हणजे सरळ आपला कर्णच ना? कोणी कोणाकडून घेतलं?

दाराबनाम्यात हुमाय राणी बाळाला पेटीत घालून फुरात, म्हणजे युफ्रेटीस, नदीत सोडते, धोब्याला ते सापडतं, तो दाराब. कर्णाशी साम्य आहेच, पण मूसाची, म्हणजे मोझेसची, गोष्ट आहे, मेसोपोटेमियातल्या अक्कादच्या सारगोन राजाची आख्यायिका आहे, म्हणजे हा प्रसंग फार जुना आणि फार पसरलेला, आणि एकाकडून दुसऱ्यानं घेतला असं बोट ठेवून दाखवता येत नाही. कथेत त्याचा उपयोग बघा: धोब्याच्या घरी मुलगा कपडे धुवायला नाही म्हणतो, घोडा आणि शस्त्र मागतो, रक्त बोलतं. अमीर अर्सलानमध्ये पेटी आणि नदी नाही, पण गाभा तोच. राजा मारला गेलाय, गरोदर राणीला इजिप्तचा व्यापारी ख्वाजा नौमान घेऊन जातो आणि राजपुत्र व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून वाढतो.

१२. लढाया संध्याकाळ झाली की थांबतात, हे खरं असायचं का?

कथेतलं युद्ध आहे, त्याची शिस्त ठरलेली. दोन फौजा समोरासमोर, एक पहिलवान मैदानात, आधी आपल्या कुळाची आणि बळाची गर्जना, मग भाला, भाला मोडला की गदा, मग तलवार, शेवटी कमरपट्टा धरून कुस्ती. निकाल लागत नाही आणि सूर्य मावळतो, तबल-ए-आसायिश वाजतो, सगळे आपापल्या तंबूत. मग रात्र अय्यारांची (प्रश्न ६, ७), किंवा नियम मोडून अचानक छापा, शबखून. सकाळी सूर्य कसा उगवला याचं दोन ओळींचं नटवलेलं वर्णन आणि परत तेच. नक्कालाला थांबायला यापेक्षा सोयीची जागा नाही, म्हणून अटीतटीला आणून तो पैसे गोळा करायला फिरतो.

१३. दीव, परी, तिलिस्म... यांचे काही नियम असतात का, की काहीही होऊ शकतं?

नियम असतात, आणि कडक. प्रत्येक दीवाला, म्हणजे राक्षसाला, मारायची एकच रीत. अमीर अर्सलानमधला फूलादजिरह दीव फक्त पाचूजडित तलवारीनं मरतो, दुसऱ्या कशानं त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही, त्यामुळे आधी तलवार शोधा. तिलिस्म म्हणजे जादूनं बांधलेली जागा, ती कोणाच्या हातून तुटणार हे आधीच पाटीवर लिहिलेलं असतं, पाटीवर लिहिलंय तसंच वागलात तर तुटते नाहीतर अडकलात. संकटात पीस जाळलं की सीमुर्ग पक्षी येतो, पण पिसं मोजकीच, उगाच जाळायची नसतात. शाहनाम्यातला राजपुत्र इस्फंदियार रुस्तमशी लढतो, त्याच्या शरीराला काही होत नाही, फक्त डोळे सोडून, आणि ते सीमुर्गच रुस्तमला सांगतो, गज नावाच्या (झाऊच्या) झाडाच्या फांदीचा दुतोंडी बाण कर म्हणून. वर मारणाऱ्यालाही यातून सुख मिळणार नाही ही ताकीद देतो. वीराला मदत मिळते पण फुकट नाही, हे सगळीकडे दिसेल.

१४. घोड्याला इतकं महत्त्व का?

कारण वीराचं वजन पेलणारा घोडा एकच असतो. रुस्तम एकेका घोड्याच्या पाठीवर हात दाबत जातो, सगळ्यांची पोटं जमिनीला टेकतात, रख्श तेवढा हलत नाही. किंमत विचारली तर गुराखी म्हणतो, याची किंमत इराणभूमी. रुस्तम झोपलेला असताना सिंहाला मारतो तोही रख्शच, आणि शेवटी खड्ड्यात मरतात तेही दोघं बरोबर.

१५. चीन, रूम, यमन, हलब यांची अंतरं काहीच जुळत नाहीत. आणि वीर इस्लामच्या आधीचे असून नमाजी कसे?

भूगोल नकाशाचा नाही. चीन म्हणजे सौंदर्य आणि श्रीमंती, माचीन म्हणजे त्याच्या पलीकडचं, रूम म्हणजे पश्चिमेचं वैभव, काफ पर्वत म्हणजे जगाची कड. अमीर अर्सलानमध्ये फरंग येतो आणि तिथे राजपुत्र इल्यास असं नाव घेऊन तमाशाखान्यात, म्हणजे थिएटरात नोकरी करतो. एकोणिसाव्या शतकातल्या तेहरानला युरोपचं जे कुतूहल होतं ते सगळं तिथे सांडलंय.

धर्माचं जरा अवघड आहे. समकमध्ये लोक यज्दानचं नाव घेतात आणि इस्लाम जवळपास पार्श्वभूमीलाच राहतो. हमजा आणि अबू मुस्लिमच्या कथा उघड इस्लामी. अबू मुस्लिम खरा माणूस, उमय्या घराण्याच्या खलिफांना हटवून अब्बासी घराण्याला गादीवर बसवणारा, ७५५ मध्ये खलिफा मन्सूरनं त्याला मारलं, आणि कथेत तो कुऱ्हाडवाला वीर झाला. सफवी काळातल्या काही मुल्लांनी त्याची कथा सांगणं-ऐकणं निषिद्ध ठरवलं, इतकी ती लोकप्रिय होती. हुसेन कुर्दमध्ये तर शाह अब्बासच्या बाजूचे शिया वीर आणि विरुद्ध बाजूचे सुन्नी अशी सरळ फाळणी, आणि तो हिंदुस्थानात येऊन अकबराकडून खंडणी वसूल करतो. इतिहासात असं काही झालेलं नाही. त्यातली दुसऱ्या पंथाबद्दलची भाषा आज वाचताना बोचते, आणि ती बोचावीच.

१६. आपल्याकडे या कथा कधी आल्या?

दरबारातून आल्या. अकबरानं हमजानाम्याची सुमारे १४०० चित्रं कापडावर करून घेतली, इराणहून आलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद त्या कामावर होते, साधारण पंधरा वर्षं लागली, आज जगभर मिळून दोनशेसुद्धा उरली नाहीत. दाराबनाम्याची अकबरकालीन सचित्र प्रत लंडनला आहे. दख्खनमध्ये हमदानहून आलेल्या हाजी किस्साख्वान या कथेकऱ्यानं सतराव्या शतकात हैदराबादेत हमजाची कथा फारसीत लिहिली. आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई हे शिळाछापावर फारसी पुस्तकं छापायचं मोठं केंद्र होतं, इथे छापलेले शाहनामे जहाजानं इराणला जायचे. हे मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१७. साचा मोडणारी दास्तान आहे का?

आहे, आणि साचा ओळखीचा झाल्यावरच ती कळते. खुर्शीदशाह नावाचा हीरो, पण काम समकचं (प्रश्न ५). अमीर अर्सलानला असा समक नाहीच, म्हणून तो चुकतो: फरंगच्या दरबारात शम्स वजीर आणि कमर वजीर असे दोघं, शम्स खरा हितचिंतक, कमर कपटी जादूगार, आणि अर्सलान विश्वास ठेवतो कमरवर, शम्सवर संशय घेतो. तो रडतोही खूप, बेशुद्धही पडतो. जुन्या वीरकथा वाचून आलेल्यांना हे दुबळं वाटतं, मला उलट त्यातच तो जवळचा वाटतो. समकची कथा तर अपुरीच मिळाली आहे, लग्न आणि राज्याभिषेकाचा ठरलेला शेवट वाचायला मिळतच नाही.

१८. आज हे कोणी सांगतं का?

सांगतात, पण कमी. रेडिओ, मग टीव्ही आला तसे चहाखान्यातले नक्काल कमी होत गेले. २०११ मध्ये युनेस्कोनं नक्कालीला तातडीनं जपायला हव्या अशा परंपरांच्या यादीत घातलं. इस्फहानचे मुर्शिद अब्बास जरीरी यांचा तुमार छापला गेला, मुर्शिद वलीउल्लाह तुराबी २०१३ पर्यंत हयात होते. आणि फातिमा हबीबीजाद यांनी गुर्दाफरीद हे नाव घेऊन नक्काली सुरू केली, पुरुषांच्या चहाखान्यातली कला एका बाईनं उभं राहून सांगितली, प्रश्न ९ मधली ती किल्ल्यावरची मुलगी आठवा. व्हिडिओ मिळाले तर जरूर बघा, भाषा कळली नाही तरी काठी आणि टाळीची चाल कळते.

१९. अमीर अर्सलान शेवटपर्यंत वाचला तर माणूस बेघर होतो म्हणतात. आणि सुरुवात कुठून करू?

इराणमध्ये असा समज आहे खरा, की पुस्तक पूर्ण वाचणारा दारोदार भटकतो, अर्सलानसारखाच. म्हणून काही जण शेवटची पानं सोडून द्यायचे. मी सोडली नाहीत.

सुरुवात मात्र समकपासून करा. लांब आहे, नावं खूप आहेत, शेजारी कागद घेऊन कोण कुणाचा हे लिहीत जा, आणि रोज एका बैठकीपुरतंच वाचा, सलग शंभर पानं वाचलीत तर प्रश्न ३ घेऊन परत याल. पहिल्या खंडात राजपुत्र माहपरीच्या शहरात शिरून अय्यारांच्या घरी आसरा मागतो तिथपर्यंत गेलात की पुढचं आपोआप होतं.